सात वचनं आणि कल्याण सर

देवळाली प्रवरातल्या एका चर्चचे सेक्रेटरी कल्याण भिंगारदिवे यांच्याइतका सेवाभावी माणूस तालुक्यात नसेल. सतरा वर्षांत त्यांनी मंडळीतल्या कुणालाच कशाला हात लावू दिला नव्हता. घंटा तेच वाजवत, माईक तेच तपासत, सूचना तेच वाचत. पाळकांची प्रार्थना लांबली, की 'आमेन'ची वेळ झाल्याचंही खाकरून तेच सुचवत.

मैदानावर मात्र हा माणूस निराळा होता. पीटीचे शिक्षक म्हणून तीस वर्षं त्यांनी मुलींना खो-खो शिकवला. एखादी कुणालाच खो न देता खांबापासून खांबापर्यंत एकटीच पळत सुटली, की सर ओरडायचे, "ए एक्सप्रेस! बाकीच्या आठ जणी काय लग्नाला येऊन बसल्यात?" आणि तिला सरळ मैदानाबाहेर बसवायचे.

अशा बाहेर बसलेल्यांपैकी एक सुकन्या. ती पुढे धर्मशास्त्र शिकली आणि यंदा जानेवारीत पाळक म्हणून याच चर्चमध्ये आली. स्वागताचं भाषण सरांनी केलं. उत्तराला तिला तीन मिनिटं मिळाली.

खरी कसोटी उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची. त्या दिवशी बारा ते तीन उपासना, आणि येशूनं क्रुसावरून उच्चारलेल्या सात वचनांवर सात जणांनी बोलायचं असा रिवाज. सर दरवर्षी सात नावांची यादी लावत. मग एकाचा घसा बसे, दुसऱ्याच्या उसाला तोड येई, तिसऱ्याची तयारी कच्ची असल्याचं सरांच्याच लक्षात येई. गेल्या वर्षी सातांपैकी पाच वचनं सरांनीच सांगितली. उपासना चारला सुटली.

यंदा यादी सुकन्याबाईंनी लावली. तीत सरांचं नाव नव्हतं.

"चुकून राहिलं का?"

"नाही, सर."

"आणि पाचवं वचन चांगुणाबाईला? अगं, तिला वाचता येत न्हाई."

"'मला तहान लागली' एवढंच वचन आहे, सर. तहानेवर बोलायचंय. वाचायचं कुठं आहे?"

"अन् मधेच अडली तर?"

"तुम्ही दुसऱ्या बाकावर बसा. मी सांगितलं तरच उठा."

सर घरी आले आणि जेवले नाहीत. उपास शुक्रवारचा होता. तो दिवस मंगळवार होता. "बघ, अडनार," ते बायकोला म्हणाले.

"अडावं म्हणून प्रार्थना करताय की काय?" माधुरीबाईंनी विचारलं.

सरांची धास्ती वेगळीच होती. समजा, नाहीच अडलं? मग सतरा वर्षं आपण तिथं काय करत होतो?

शुक्रवारी पहिली चार वचनं बरी गेली. मच्छिंद्रनं आपलं दोन मिनिटांत उरकलं, तेव्हा सरांनी मोठ्यानं सुस्कारा सोडला, एवढंच. मग चांगुणाबाई उभी राहिली. जन्म उसाच्या फडात गेलेली बाई. व्यासपीठावरच्या मेजाची कड तिनं कोयत्याच्या मुठीसारखी धरली. "मला..." म्हणाली आणि थांबली. पंखा फिरत राहिला. दहा सेकंद, वीस सेकंद. सर आपोआप बाकावरून अर्धे उठले.

चांगुणाबाईची नात चार वर्षं सरांच्या संघात होती, आणि आजीनं एकही सामना चुकवला नव्हता.

"बसा, सर," चांगुणाबाई म्हणाली. "खो मिळाल्याबिगर उठलं की फाऊल असतोय. तुमीच शिकवलंय."

उत्तम शुक्रवारी हसायचं नसतं. मंडळीनं गायनाच्या वह्यांत तोंडं खुपसली. सर बसले.

"फडात कळशी पार तिकडं बांधावर असती," चांगुणाबाई आता सावकाश बोलू लागली. "घसा वाळला तरी वाटतं, कुनाला कशाला सांगा. पर देवाच्या लेकानं बी मागितलंच की. मला लई हायसं वाटलं. मागायला लाज न्हाई."

या इमारतीत आपण कुणाकडे शेवटचं काही मागितलं ते सर आठवू लागले. सातवं वचन संपलं तरी त्यांना आठवलं नाही.

उपासना बरोबर तीनला सुटली. काही जुन्या मंडळींना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. दारात सरांनी सुकन्याबाईंना गाठलं.

"चांगुणाबाईचा दम चांगला हाय. सुरुवात कच्ची, पण सुधारेल. पुढच्या वर्षी तिला पहिलं द्या."

"यादी तुम्ही लावायची नाही, सर."

"यादी कुठं लावतोय? विचारतोय," सर म्हणाले. "आणि मला एखादं मिळेल का? कुठलंबी चालेल."

"बघू," पाळकबाई म्हणाल्या. "तयारी कशी आहे त्यावर."