झाड नंबर एक

माझे आईवडील रस्त्याच्या कामावर खडी टाकायचे. आई कडेच्या झाडाला झोळी बांधून मला त्यात निजवायची. त्या झाडाच्या बुंध्याला खाली गेरूचा पट्टा, वर चुना आणि चुन्यावर नंबर. झाड सरकारचं, रस्ता सरकारचा, झोळी तेवढी आमची. त्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मी. अमेरिकेत वेस्ट विंडसरला घर घेतलं तेव्हा आधी पुढच्या अंगणात मेपल लावला. सोफा नंतर आला.

पहिल्याच हिवाळ्यात मेपलची साल उकलली. हातभर उभी चीर. एप्रिलमध्ये लँडस्केपिंगवाला येऊन म्हणाला, काढून टाका, दुसरं लावू. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

"थांब की इंजिनेर," मागून आवाज आला.

शेजाऱ्याचे वडील. असे काका तुम्हीही पाहिले असतील, एप्रिलमध्ये मुलाकडे येतात आणि ऑक्टोबरमध्ये परत जातात. मोज्यांवर चपला, अंगात मुलाच्या कंपनीचं जॅकेट. यांच्या डाव्या अंगठ्याचं नख मात्र मुद्दाम वाढवलेलं. फांदीवर ते नख हलकेच ओढून त्यांनी वाकून पाहिलं.

"हिरवं हाय. काढायचं कशाला?"

काका गावाकडे जन्मभर मैलकुली होते. रस्त्याचे खड्डे बुजवायचे, दिवाळीआधी झाडांना चुना लावायचा. मुलगा हे इथे कुणाला सांगत नसे. काका सगळ्यांना सांगत.

बुंध्याभोवती लाकडाच्या भुश्शाचा ढीग रचलेला होता, इथे सगळ्याच अंगणांत असतो तसा. काकांनी तो हातांनी उपसला. "गळ्यापर्यंत पुरल्यावर माणूस तरी जगंल का?" माझ्या बायकोची भाजीची सुरी मागून घेऊन सुटलेली साल कापली. मी रोज संध्याकाळी पाणी घालायचो, तेही बंद केलं. "चूळ भरायला देतोस का त्याला? आठवड्यातनं एकदाच पाज, पण पोटभर."

ऑक्टोबरमध्ये जायच्या आधी म्हणाले, "थंडीत दिवसा ऊन तापवतं, रात्री गारठा. साल उकलणारच. चुना लावला की ऊन परततं." गेरू इंडियन ग्रोसरीत मिळाला. चुन्याची पिशवी मोठ्या दुकानातून आणली. तंबाखू खाणाऱ्या काकांनी चिमूट जिभेवर ठेवून ती पास केली.

माझी मुलगी दारातून म्हणाली, "डॅड, नोबडी पेंट्स अ ट्री."

"काय म्हणती?"

"छान दिसतंय म्हणते."

"मग!"

शेवटी गेरूत काडी बुडवून त्यांनी विचारलं, "नंबर काय टाकू?"

"नंबर कशाला, काका?"

"बिननंबरी झाड कुणाचं बी असतं. तुमच्या घरात याच्याआधी कुणाचं झाड होतं?"

"नाही."

त्यांनी ठसठशीत एक काढला.

नोव्हेंबरात इथल्या घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र आलं. रंग मंजूर यादीत नाही, धुऊन टाका. खरं सांगतो, मी बादली आणि ब्रश घेऊन बाहेर गेलो. सगळी गल्ली बदामी रंगाची आणि माझ्याच दारात आमच्या गावचा रस्ता उभा. मग तो आकडा पाहिला आणि बादली पालथी घातली. उत्तरात लिहिलं, तुमच्या यादीत भिंती, दारं, खिडक्या आहेत. झाडाचं खोड नाही. चुना का लावतात तेही लिहिलं. पुढे कुणी काही कळवलं नाही.

जानेवारीत काकांचा फोन. "नख लावून बघितलंस का?"

"काका, सगळीकडे बर्फ आहे."

"बर्फ झाडावर हाय. तुझ्या नखाला काय झालंय?"

फेब्रुवारीत काका गावीच वारले. मुलगा घाईघाईत विमान पकडून गेला. तो परत आल्यावर आम्ही दोघं मेपलपाशी उभे राहिलो. मी अंगठ्याचं नख फांदीवर ओढलं. त्यानं वाकून पाहिलं, अगदी वडिलांसारखं.

"हिरवं आहे," तो म्हणाला.

चीर भरायला तीन उन्हाळे लागले. भरली. मेपल आता वरच्या खिडकीला पोचलाय. दर ऑक्टोबरला मी चुना लावतो आणि आकडा पुन्हा गिरवतो. आमच्या घराण्यातलं, आमच्या स्वतःच्या जमिनीवरचं पहिलं झाड जगलं.