आक्कांच्या पॅसेजमधला कॅमेरा

कोल्हापुरात पाळतीविरुद्ध काम करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून अंगावर येतात. रिक्षात शेजारी बसलेला माणूस "पावणं, गाव कंचं?" असं सुरू करतो आणि पुढच्या चौकापर्यंत पगार विचारून मोकळा होतो. अशा गावात आम्ही 'खाजगी' हा शब्द घेऊन फिरतो. आम्ही म्हणजे मी, पेशानं वकील, आणि भरतेश. भरतेशचं दुकान कशाचं? सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं!

एकदा मी विचारलंच, अरे, विकतोस काय आणि विरोध करतोस काय? तर म्हणाला, "ताई, कॅमेरा तिजोरीला लावावा. माणसास्नी लावला की मी तुमच्या बाजूला." मग गिऱ्हाईक आलं आणि साहेब माझी बाजू सोडून काउंटरमागे गेले.

*

एसटी स्टँडवर आम्ही लोकांना समजावत होतो, अनोळखी माणसाला मोबाइल नंबर देऊ नका. गडहिंग्लजचे एक आजोबा स्वतःची गाडी सोडून शेवटपर्यंत ऐकत बसले. मला इतकं भरून आलं! जवळ येऊन म्हणाले, "लय चांगलं सांगितलासा. नंबर द्या की तुमचा, इसरलो तर इचारतो."

दिला. काय करणार? आता रोज गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' येतं.

*

मग भरतेशनं एक ॲप शोधलं. मेसेज वाचला की आपोआप पुसला जातो, कुणाच्या बापाला कळत नाही. पहिलाच गुप्त मेसेज मी उघडला नाही, म्हणून पठ्ठ्यानं दुकानातून फोन लावला. त्याचा आवाज असा, की फोन नसता तरी ऐकू आला असता. उद्या आक्कांच्या हॉस्टेलवर जायचंय, कुणाला बोलू नका, गुप्त आहे, असं त्यानं अख्ख्या रस्त्याला ऐकवलं. संध्याकाळी भाजीवाली मला विचारते, "मग उद्या किती वाजता निघणार हाईसा?"

*

हे हॉस्टेलचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. हॉस्टेल मुलींचं, मालकीण आक्का. पोरींच्या काळजीपोटी त्यांनी खोल्यांकडून बाथरूमकडं जाणाऱ्या पॅसेजमध्ये कॅमेरा लावला आणि त्यातलं चित्र सगळ्या पालकांच्या मोबाइलवर सोडलं. म्हणजे एका पोरीला सगळ्या पोरींचे बाप बघणार! चंदगडची सुजाता, नर्सिंगला असलेली, माझ्यापुढं रडायलाच लागली. तिनं तक्रार केली तर आक्कांनी सांगितलं, कॅमेरा नको असंल तर खोली सोड. खोली गेली की वडील गावी नेणार, मग कसलं नर्सिंग! माझं डोकंच फिरलं.

आम्ही तावातावानं गेलो. मी कायदा सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आक्का भरतेशकडं बघून खुलल्या. "अगंबाई, कॅमेरा लावून गेल्ता त्यो ह्योच की! बस बाबा, झ्याक चाललाय तुझा कॅमेरा."

भरतेश माझ्याकडं बघेना. पॅसेज पुढं कुठं जातो ते त्यानं विचारलंच नव्हतं म्हणे. आम्ही पोहे खाऊन परत आलो.

*

रविवारी पुन्हा गेलो. भरतेश फुकट कॅमेरा काढून द्यायला तयार होता, पण आक्का ढिम्म. ज्याच्या मनात काही नाही त्यानं कशाला भ्यायचं, हे त्यांचं पालुपद. त्यातच खोली जाणार म्हणून लेकीला न्यायला सुजाताचे वडील चंदगडहून येऊन दाखल. सुजाताचा चेहरा पांढराफटक पडला. आक्का आणि ते पहिल्यांदाच समोरासमोर भेटत होते. आक्कांना जोर चढला. या वकीलबाईंना सांगा, म्हणाल्या, कॅमेऱ्याचा किती उपयोग आहे ते.

"व्हय की, लय उपेग हाय," वडिलांनी हात जोडले. "पोरगी दिवसभर कॉलेजात, ती कुठली दिसतीया! पण दुपारच्याला सामसूम झाली की तुम्ही पॅसेजमधी गाणं लावून नाचतासा न्हवं, ते आमच्या गल्लीत समद्यास्नी लय आवडतंय. बायका हातातलं काम टाकून माझ्या फोनवर बघत्यात. परवा नाचला न्हाईसा, तर सगळी काळजीत. म्हणून मंडळीनं हे काजू दिल्यात. पाय बरा हाय न्हवं?"

सुजातानं ओढणी तोंडात कोंबली होती. आक्कांनी काजूची पिशवी घेतली, पदर सारखा केला आणि भरतेशकडं वळल्या.

"पोरा, शिडी हाय न्हवं गाडीत?"