एकशे अकरानंतर एकशे चौदा

पंपांच्या कारखान्यात तो चौतीस वर्षं फिटर होता. तिथे त्याला सगळे अर्धासूत म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच्या अर्ध्यानं जरी काम चुकलं, तरी तो ते परत पाठवायचा. एकदा ओतकामातल्या भोकात पुट्टी भरून वरून रंग मारलेला पंप त्यानं उचलून थेट साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. साहेबांनी पंप बदलला आणि मुकादमाच्या जागेसाठी लिहिलेलं त्याचं नावही बदललं. त्याचं आपल्याला काही वाटलं नाही, असं तो सांगायचा. दर दोन-तीन महिन्यांनी सांगायचा.

निवृत्त झाल्यावर त्याच्याकडे एकच काम उरलं. रविवारी दुपारी टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत बसून खेळ चालवायचा. खेळ पत्त्यांचा नव्हे. यात प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, कोणी योद्धा, कोणी वैद्य. खेळ चालवणारा गोष्ट सांगत जाणार: समोर पूल आहे, पुलावर तिघे दबा धरून आहेत, बोला, काय करता? तुम्ही जे कराल ते साधलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा आणि नियमांचं पुस्तक ठरवणार. एकोणीस वर्षं टेबल तेच आणि माणसंही तीच. बायकोचा भाऊ, जो बस चालवायचा. समोरच्या इमारतीतली नर्स. आणि पुतण्या. तो कॉलेजात असताना आला होता. आता शाळेत भूगोल शिकवायचा आणि विरळ झालेल्या डोक्यावर हात फिरवताना जपून फिरवायचा.

पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचं. रद्दीच्या दुकानात मिळालं तेव्हा त्याचा कणा मोडलेला होता, अनुक्रमणिका गायब होती. वाचायच्या आधी अर्धासुतानं ते दुरुस्तीला घेतलं. कारखान्यातला डिंक, यंत्राच्या पट्ट्याचं जुनं कॅनव्हास आणि व्हाइसच्या लोखंडी जबड्यात दोन दिवस आवळून ठेवणं. "कागद फाटेल, पण बांधणी सुटायची नाही," असं तो प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगायचा, मग पाहुण्याला खेळात रस असो वा नसो. पुस्तकात एकशे अकराव्या पानानंतर एकदम एकशे चौदावं यायचं. मजकूर मात्र तुटत नव्हता. एकशे अकरावर 'जखमा' संपायचं आणि एकशे चौदावर 'प्रवास' सुरू व्हायचा. छापखान्यातल्या लोकांना साधे आकडे मोजता येत नाहीत, यावर एकोणीस वर्षांत त्यानं पुष्कळ तोंडसुख घेतलं होतं.

त्या रविवारी पुतण्यानं पिशवीतून चौथी आवृत्ती काढली. तीन खंड, गुळगुळीत, रंगीत.

"काका, आता बदलू या ना. मी चालवतो. माझ्याकडे मोठा पडदा आहे, नकाशे त्यावर दिसतील. तुम्ही आरामात खेळायला बसा."

आरामात बस असं कोणी म्हटलं की अर्धासुताला काय म्हणायचंय ते कळायचं. निरोपसमारंभात साहेबही हेच म्हणाले होते.

"तीन पुस्तकं कशाला लागतात?" त्यानं विचारलं. "एकात मावत नाही म्हणजे लिहिणाऱ्याला येत नाही."

"मावतं हो. पण यात पात्र लगेच मरत नाही. ताकद शून्यावर आली तरी वाचायला तीन संधी असतात."

"ऐका! शून्य म्हणजे शून्य. मेला म्हणजे मेला. तीन संधी म्हणे. हा खेळ आहे की तोंडी परीक्षा?"

मेहुणा हसला, पण जरा उशिरा. "भाऊजी, खरं सांगू? पडद्यावर बघायला मला आवडेल. माझे डोळे गेलेत दिवसभर रस्ता बघून."

"आणि तुमच्या खुर्च्या," नर्स म्हणाली, "पेशंटला दिल्या असत्या तर तक्रार आली असती."

मतदान पुढच्या रविवारी ठरलं. नव्यात काय चांगलं ते पुतण्यानं लिहून आणायचं, जुन्यात काय चांगलं ते काकांनी. घरी जाताना मेहुणा चौथ्या आवृत्तीचा एक खंड चाळायला घेऊन गेला. मत कोणीकडे झुकतंय ते अर्धासुतानं गॅलरीतून पाहिलं. ती खुर्ची गेली की रविवार गेला, आणि रविवार गेला की आठवडाभर घरात पाय कुठे ठेवावेत हा प्रश्न होता.

मंगळवारी सकाळी चहा झाल्यावर तो यादीला बसला. काम करायचं तर नीट. पहिलं पान उघडलं आणि एकेक नियम उतरवत निघाला. यादीतला पहिला मुद्दा मात्र त्यानं आधीच लिहून, खाली दोन रेघा मारून ठेवला होता: जुन्यात शून्य म्हणजे मृत्यू. दुपारपर्यंत एकशे अकरावर आला. पान उलटताना ते बोटाला जाड लागलं. एकोणीस वर्षांत लागलं नव्हतं, कारण एकोणीस वर्षांत ते पान एवढ्या सावकाश कोणी उलटलंच नव्हतं.

त्यानं जाडी मोजायचा मायक्रोमीटर आणला. आधीचं पान शून्य पॉइंट दहा मिलिमीटर. नंतरचं शून्य पॉइंट दहा. हे शून्य पॉइंट तेवीस.

मग त्यानं किटलीत पाणी तापवलं, पानाच्या कडेला वाफ दिली आणि पोलादी पट्टी हळूहळू आत सरकवली. छापखान्याचे आकडे बरोबर होते. एकशे बारा आणि एकशे तेरा आत होती, त्याच्याच डिंकानं चिकटलेली. वर मथळा होता: 'मरणाच्या दारात'. ताकद शून्यावर आलेलं पात्र लगेच मरत नाही. तीन पाळ्यांच्या आत सोबत्यानं गाठलं आणि फाशावर बारा किंवा जास्त आले, तर ते वाचतं.

मेलेल्या पात्रांची तो वही ठेवायचा. ती काढली. तेवीस मेले होते. चौदा जणांच्या जवळ सोबती उभा होता. त्यातलाच एक मेहुण्याचा आंधळा नावाडी. आठ वर्षं जपलेलं पात्र, अकरा वर्षांपूर्वी पुलावरच्या लढाईत मेलं. नर्सचा वैद्य पटावर दोनच घरं लांब होता. त्यानंतर मेहुणा पाच महिने या घराची पायरी चढला नव्हता.

बायकोनं ओलं पान पाहिलं, वही पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं.

"परत चिकटवा," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं कुणाला कळलं का?"

"मला कळलं."

"अहो, तुम्हाला कळून काय होतंय? रविवारी मत पडणार आहे. स्वतःच्या हातानं खुर्ची काढून देणार का?"

डिंकाची बाटली फडताळात होती. त्यानं ती काढून टेबलावर ठेवली. झाकण उघडलं, वास घेतला, डिंक ताजा होता. दोन थेंब आणि एक दिवस व्हाइसमध्ये, संपलं काम. मग त्याला तो पुट्टीचा पंप आठवला. रंग काय सुंदर मारला होता त्यावर! त्यानं बाटलीचं झाकण लावलं.

"मग सांगा," बायको म्हणाली. "पण भाऊ रुसला तर समजूत काढायला या खेपेला तुम्ही जायचं. मागच्या वेळी मी गेले होते, दोन बस बदलून."

रविवारी पुतण्यानं आपली यादी वाचली. सतरा मुद्दे होते. सगळ्यांनी अर्धासुताकडे पाहिलं. त्यानं यादी काढली नाही. पुस्तक उघडून टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"हे पान मी चिकटवलं होतं. बांधताना. छापखान्याची चूक नव्हती, माझी होती."

पुतण्यानं मोठ्यानं वाचलं आणि वाचता वाचता त्याचा चेहरा उजळला. "काका! म्हणजे नव्यात आहे ते जुन्यातच होतं!"

"होतं."

"आणि शून्य म्हणजे शून्य?"

"ते माझं होतं. पुस्तकाचं नव्हतं."

मेहुणा हसत नव्हता. त्यानं नर्सकडे बघितलं. "तू किती लांब होतीस?"

"दोन घरं," नर्स म्हणाली. तिलाही आठवत होतं.

"दोन घरं! मी तेव्हा भाऊजींना म्हटलं होतं, अहो, ती शेजारी उभी आहे, काहीतरी नियम असेल. काय म्हणालात? पुस्तकात नाही म्हणालात."

"म्हणालो."

"पाच महिने मी गाडी चालवताना तो पूल बघत होतो!"

"खेळ चालवणाऱ्याची चूक आहे," अर्धासूत म्हणाला. "याला चालवू द्या. मी खुर्ची सोडतो." तो उठलाही.

"बसा खाली!" मेहुणा ओरडला. "सोडतो म्हणे. माझा नावाडी पुलावर पडलाय आणि हे निघाले घरी."

"हे त्यांचंच घर आहे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"ताई, तू गप्प बस. आधी ती लढाई पुरी करा. त्याच पुस्तकावर."

वहीत सगळं होतं: कोण कुठे उभा, कोणाची पाळी. सोंगट्या मांडल्या. नर्सनं वैद्याला दोन घरं पुढे सरकवलं. पहिली पाळी त्यात गेली. दुसऱ्या पाळीला फासा टाकला. सात. मेहुण्यानं डोळे मिटले. तिसऱ्या पाळीला तिनं फासा दोन्ही तळव्यांत घोळवला, फुंकर मारली, टाकला. फासा वहीला अडला आणि थांबला.

अकरा.

मेहुण्यानं डोळे उघडून आकडा पाहिला आणि मग अर्धासुताकडे. नर्सनंही. पुतण्या तर मदतीलाच धावला. "काका, वहीला अडला ना? परत टाकायला काय हरकत आहे?"

हरकत काहीच नव्हती. एका आकड्याचा प्रश्न होता. मेहुण्याचं मत होतं, खुर्ची होती, पाच महिने होते. अर्धासुतानं वाकून फासा पाहिला. सपाट पडला होता, कुठेही तिरका नव्हता.

"सपाट आहे," तो म्हणाला. "बारा लागतात."

मेहुण्यानं हात लांब करून नावाड्याची सोंगटी उचलली, अंगठ्यानं पुसली आणि खिशात टाकली.

"हं," तो म्हणाला. "आता मेला."

"म्हणजे?" पुतण्यानं विचारलं.

"म्हणजे आता बरोबर मेला. तेव्हा नुसताच मेला होता." त्यानं चौथ्या आवृत्तीचा खंड पिशवीतून काढून पुतण्यापुढे सरकवला. "चित्रं छान आहेत."

"माझे चार आहेत त्या चौदांत," नर्स वही ओढून घेत म्हणाली. "आणि पहिल्याच्या शेजारी तर तिघे उभे होते. आधी माझे."

"अहो, पण मतदान?" पुतण्या म्हणाला. "एकेका रविवारी एक लढाई धरली तरी अजून तेरा रविवार. तोवर पाचवी आवृत्ती येईल!"

"येऊ दे," मेहुणा म्हणाला. "आधी दुसरी तरी खेळून बघू. आजवर कुठे खेळलोय?"

अर्धासूत खुर्चीत बसला. त्यानं वहीत नावाड्याच्या नावापुढची जुनी तारीख खोडली आणि आजची घातली. मग पुस्तक मिटलं. वाफेनं फुगलेलं पान काही केल्या बसेना. पुस्तक अर्धा सूत उघडंच राहत होतं. व्हाइस आतल्या खोलीत होता. तो उठला नाही.