त्या पोरांनी काय नाकारलं होतं?

दाजी अंबडच्या कंपनीत मशीनखाली सापडून गेले. आम्ही बौद्ध. आमच्या कॉलनीतले लोक पुण्यानुमोदनाच्या विधीपर्यंत येत राहिले, मग ज्याच्या त्याच्या कामाला लागले. ओळखीतून आलेले प्रार्थनासभेचे लोक मात्र पुढेही, आमच्याकडे राहायला आलेल्या ताईसाठी डबे घेऊन येत, तिच्याजवळ नुसते बसून राहत. हळूहळू ताई त्यांच्या सभेला जायला लागली. बाबांनी अडवलं नाही.

एका रविवारी मीही तिच्यासोबत गेले. दुकानांवरच्या छोट्या हॉलमध्ये पास्टरांनी पडद्यावर छळछावण्यांचे फोटो दाखवले. तारेच्या कुंपणाआड उभी, डोकी भादरलेली, हाडं वर आलेली पोरं. बायका हुंदके देत होत्या. पास्टरांचाही आवाज कापत होता.

"यहुदी देवाचे लाडके," ते म्हणाले. "पण त्यांनी मशीहाला नाकारलं, म्हणून शतकानुशतकं मार खाल्ला. बाप लेकराला शिक्षा करतो, ती त्याला परत घरी आणण्यासाठीच. आज ते आपल्या देशात परतलेत. भविष्यवाणी खरी होतेय."

मग सगळ्यांनी गुडघे टेकून यहुद्यांसाठी प्रार्थना केली. ताईनेही. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं. पुढे पास्टर ताईला भेटायला आले, तेव्हा बाबांनी त्यांच्या हातात चहा दिला आणि विचारलं, "त्या पोरांनी काय नाकारलं होतं?"

"काका, देवाची योजना आपल्याला..."

"कळवणकडच्या आमच्या गावात माझ्या आईला विहिरीवर चढू देत नव्हते. मागच्या जन्मीचं पाप, म्हणायचे. सांगणारे काही दुष्ट नव्हते. भाकर द्यायचे. वरून टाकायचे."

पास्टरांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मारणाऱ्यांत बाप्तिस्मा घेतलेलेच जास्त होते, काका. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही."

ते गेल्यावर ताई बाबांवर भडकली. "घरी आलेल्या माणसाला असं बोलतात? माझ्यासाठी कोण धावून आलं होतं?" ती कप विसळायला मोरीत गेली आणि तिथूनच, आमच्याकडे न बघता म्हणाली, "मग ह्यांनी काय नाकारलं होतं?"

बाबांनी भिंतीवरच्या दाजींच्या फोटोकडे पाहिलं.

ताई अजून सभेला जाते. पास्टरांनी नंतर पुन्हा तेच प्रवचन दिलं. फोटो तेच, शिक्षा तीच. मारणारे कोण होते, ते त्याही वेळी सांगितलं नाही. ताई म्हणाली, "गुडघे टेकले गं मी. पण काय मागायचं ते सुचेना."