गुडघ्याचा आकडा

पायाला भिंगरी लावल्यासारखा मी पहिल्यापासूनच आहे. जेवताना उठतो, फोनवर बोलताना खोलीभर फिरतो. पण गेल्या मोसमातल्या एका शुक्रवारपासून जी तगमग लागली आहे, ती वेगळी आहे. ती फिरून जात नाही.

मी बहरीनमधल्या एका फुटबॉल क्लबात फिजिओ आहे. सरावाचं मैदान मआमीरच्या बाजूला. वारा फिरला की कारखान्यांचा वास येतो आणि सगळे नाकं मुरडत धावतात. तिथे आमच्याकडे एक जर्मन बचावपटू आला. वय छत्तीस. सोळा वर्षांत नऊ क्लब, बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतले. पहिल्या श्रेणीत जेमतेम एक मोसम, त्यातलाही अर्धा बाकावर बसून. देशाच्या संघाचं बोलावणं कधी आलंच नाही. आयुष्यात गोल मारले चार. ते तो एका वाक्यात उरकायचा. आपल्या चुकीने झालेले गोल मात्र माझ्या तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या अगदी रंगवून सांगायचा, कोण कुठून आला, आपला पाय कुठे चुकला. मी वैतागायचो. "अरे बाबा, अडवलेले पण सांग की कधी!"

"ते कुणाच्या लक्षात राहतात?" तो म्हणायचा आणि पुढच्या चुकीकडे वळायचा.

त्याच्या उजव्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. म्हणून रोज सकाळी तो आडवा झाला की मी विचारायचो, "किती?" शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे पाय टेकवत नाही. मराठी आकडे मीच शिकवले होते. "तीन," तो ऐटीत म्हणायचा. मग मी तक्त्यात त्याच्या नावापुढे खूण करायचो: खेळेल, थोडा खेळेल, आराम. तो तक्ता प्रशिक्षकाकडे गेला की त्यावर चर्चा नाही. आमचे प्रशिक्षक इथलेच, वयस्कर. कागद बघून अरबीत एकच शब्द म्हणायचे, "खलास." म्हणजे विषय संपला.

मोसम संपत आला तेव्हा त्याचे वडील जर्मनीहून येणार असं ठरलं. म्हातारा बसचालक होता. सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांना मैदानाच्या दारात सोडायचं आणि रिकामी बस घेऊन परत फिरायचं, हीच त्याची नोकरी. निवृत्त झाला तोवर बायको अंथरुणाला खिळली होती. ती गेली, आणि आता कुठे तो मोकळा झाला होता. मुलाला मैदानात खेळताना त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. त्याच्यासाठी झल्लाकच्या समुद्रावरच्या हॉटेलात खोली घेतली होती. सामना शुक्रवारी होता. रविवारी म्हातारा परत जाणार होता.

गुरुवारी सरावानंतर गुडघा सुजला. आकडा सहा. मी बर्फ लावला, पट्टी बांधली. "सकाळपर्यंत उतरेल," तो म्हणाला. "सकाळी बघू," मी म्हणालो.

मनामाला घरी जाताना गाडीत मला माझा स्वतःचा गुडघा आठवत होता. मी कोल्हापूरचा. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघात मीही बचावातच खेळायचो. ऐन विशीत, अंतिम सामन्याच्या सकाळी, माझा गुडघा असाच टम्म फुगला होता. तालमीतल्या थोरांनी आपसात ठरवलं, कुठून तरी इंजेक्शन आणवलं. "काय होत न्हाई मर्दा, पट्टी आवळ आन उतर!" मला कुणी विचारलं नाही, आणि थोरांपुढे तोंड उघडायची आमच्यात पद्धत नव्हती. आम्ही जिंकलो. गुलालात न्हालेल्या मिरवणुकीत मला खांद्यावर घेतलं होतं, कारण मला चालताच येत नव्हतं. त्यानंतर मी कधी धड धावलो नाही. त्या लोकांवरचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

शुक्रवारी खेळाडू दहाला येणार होते. मी आठलाच पोहोचलो. येरझाऱ्या घातल्या, तक्ता उघडला, मिटला, पुन्हा उघडला. नऊ वाजता त्याच्या नावापुढे लिहिलं, आराम. आणि कागद नेऊन दिला.

"नक्की?" प्रशिक्षकांनी विचारलं.

"शंभर टक्के."

"खलास."

दहा वाजता त्याला भिंतीवरच्या यादीतून कळलं. तो माझ्याकडे आलाच नाही. संध्याकाळी प्रेक्षकांत वडिलांशेजारी बसला होता. म्हाताऱ्याने मुलाच्या क्रमांकाचा शर्ट घातला होता, आणि तो मैदानाकडे कमी, मुलाच्या गुडघ्याकडे जास्त बघत होता. मला पाहून त्याने हात हलवला. मला तिथे उभं राहवेना.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, जरा फुशारकीनेच. एकाचा गुडघा वाचवला म्हणून. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "पण त्याला इचारलंसा काय?"

"त्यात काय विचारायचं? डोळ्यांना दिसत होतं!" मी ओरडलो.

आणि माझाच आवाज माझ्या कानात घुमला. तालमीतल्या थोरांना कुणी हटकलं असतं, तर त्यांनीही हेच उत्तर दिलं असतं.

त्या सामन्यात जर्मनाच्या जागी उतरलेला पोरगा चांगला खेळला. उरलेले दोन्ही सामने त्यालाच मिळाले. जर्मनाचा करार पुढे वाढला नाही, आणि त्याने फुटबॉल सोडायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी तो निरोप घ्यायला आला. सवयीने टेबलावर आडवा झाला.

"किती?" मी विचारलं.

"दोन."

"आणि त्या शुक्रवारी सकाळी?"

तो उठून बसला. बुटाची नाडी बांधत म्हणाला, "तेच सांगायला येत होतो."

"मग आता सांग."

"आता त्याचा काय उपयोग?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी भांडलो तरी असतो. त्याने हात मिळवला आणि निघून गेला.

हल्ली तक्ता हातात धरून मी दारात उभा असतो, एकेकाला विचारल्याशिवाय पेन उघडत नाही. खेळाडू हसतात. जर्मनाचे अधूनमधून निरोप येतात, वडील बरे आहेत म्हणून. तो आकडा मी पुन्हा विचारलेला नाही. सात असेल, तर मी केलं ते बरोबर होतं. पण दोन असेल, तर एवढ्या लांब आलेल्या म्हाताऱ्याला या वेळीही मी मैदानाच्या दारातूनच परत पाठवलं.