बाल्बिनाचं नाव

रिओबाम्बा शहराच्या बाजारात भाजलेलं डुकराचं मांस विकणाऱ्या बाल्बिना साग्न्यायच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. तिच्या तोंडाला सुरीइतकीच धार होती. म्हातारपणी ती तापट झाली असं लोक म्हणत, पण तो राग लहानपणापासूनचा होता.

डोंगरावरच्या पुरुहा आदिवासींच्या वस्तीतून बापाने तिला शहरात आणलं आणि दोन्या ओर्तेन्सिया नावाच्या श्रीमंत बाईंच्या घरी कामाला ठेवलं. पहिल्याच दिवशी उवांचं निमित्त करून बाईंनी तिची वेणी कापली. म्हणाल्या, आमच्याकडे मोलकरणीला मारियाच म्हणतात. तिच्या वस्तीतल्या किचवा भाषेतला शब्द तोंडून निघाला तर ओठांवर उलथणं बसे. बाईंच्या मुलाला, आउरेलिओला, तिने पाठुंगळी बांधून वाढवलं. पुढे बाल्बिनाची आई वारली तेव्हा बाईंनी तिला मातीलासुद्धा सोडलं नाही, घरी पाहुणे येणार होते म्हणून. त्याच आठवड्यात बाल्बिना ते घर सोडून बाजारात आली.

आउरेलिओ निवडणुकीला उभा राहिला तेव्हा कॅमेरेवाल्यांना घेऊन तिच्या गाळ्यावर आला. तिच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, "ही आमची मारिया. हिनेच मला वाढवलं. आमच्या घरात भेदभाव कधी नव्हताच."

बाल्बिनाने सुरी बाजूला ठेवली. "बाळ, माझं नाव काय?"

तो हसला. "मारिया. दुसरं काय?"

"आडनाव?"

त्याने सोबतच्या माणसाकडे पाहिलं. त्या माणसाने मान खाली घातली.

शेजारच्या गाळ्यावरची तार्खेलिया म्हणाली, "हिच्या पाठीवर मुतला, पण मेल्याला हिचं नाव ठाऊक नाही." सगळी रांग हसली.

तो हळूच म्हणाला, "इथे तमाशा नको. आई शेवटपर्यंत तुझी आठवण काढायची."

बाल्बिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी नाही, मारियाची. माझी आई मातीत चालली होती तेव्हा मी तुमच्या पाहुण्यांची ताटं घासत होते." मग वेणीपासून सगळं तिने भर बाजारात, मोठ्याने सांगितलं. तो घाम पुसत निघून गेला.

टीव्हीवर मात्र फक्त मिठी दिसली. आठवड्याभरात भिंतीभिंतीवर चिकटवलेल्या प्रचारपत्रकांत तिचा चेहरा झळकला, खाली लिहिलेलं: 'मारियाचा आउरेलिओ'.

बाल्बिना पाण्याची बादली आणि खरवडणी घेऊन भर दुपारी निघाली. तार्खेलियाने शिडी धरली, मागून बाजारातल्या आणखी बायका आल्या. चौकात पोलिसाने अडवलं, दुसऱ्याची पत्रकं फाडणं गुन्हा आहे म्हणाला.

"माझंच थोबाड फाडतेय," बाल्बिना म्हणाली. "दुसऱ्याचं काय गेलं?"

पोलिसाने एकदा पत्रकाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि बाजूला झाला.

आउरेलिओ निवडून आलाच. बसस्थानकाच्या उंच भिंतीवर, शिडी पोचली नाही तिथे, एक पत्रक अजून आहे. तिथून जाताना बाल्बिना थांबते आणि किचवात मोठ्याने शिव्या देते. बसची वाट बघणारे लोक खाली बघतात.