मामी आणि ड्रायरचा पाइप

कल्पना करा, तुम्ही कपडे वाळवायच्या मोठ्या ड्रायरच्या मागे भिंतीला खेटून बसला आहात. प्लग काढलाय, मशीन गार झालंय. पाइपाची पट्टी सैल करून तुम्ही तो अलगद सोडवता, लांब दांड्याचा ब्रश आत घालता आणि फिरवत फिरवत मागे ओढता. त्याबरोबर राखाडी लवेचा गठ्ठा बाहेर येतो. चादरी, टॉवेल, मोजे, सगळ्यांची झिजून सुटलेली लव. नाकाला रुमाल नसेल तर शिंकांची तयारी ठेवा.

माझी मामी हे काम दर महिन्याला करते आणि मांडी घालून भाजी निवडावी इतक्या निवांतपणे करते. पाइप परत बसवताना ती स्क्रू मारू देत नाही, कारण त्यांची टोकं आत येतात आणि लव नेमकी तिथेच अडकते. पट्टी आवळायची, वरून पत्र्याची चिकटपट्टी. रोज प्रत्येक खेपेनंतर फिल्टर साफ करायचा, तोही तिनेच.

मामा-मामीची लाँड्री खाली आणि घर वर. ड्रायरच्या बरोबर वरच्या खोलीत माझे आजोबा, म्हणजे मामीचे सासरे. पक्षाघात झाल्यापासून त्यांना एकट्याने जिना उतरता येत नाही. "ही लव कागदासारखी पेटते," मामी म्हणते. "खाली आग लागली तर आम्ही पळू. आप्पांचं काय?"

मागे एकदा टॉवेल दमट निघायला लागले. फिल्टर स्वच्छ, पाइपही नुकताच साफ केलेला, तरी मशीनच्या तापलेल्या अंगाला हात लाववेना. मामीने सरळ प्लग काढला.

"अगं, लॉजच्या चादरी संध्याकाळी द्यायच्यात," मामा म्हणाला.

"ओल्या द्या. म्हणावं, पाहुण्यांच्या अंगावर वाळतील."

ती शिडी घेऊन मागच्या बोळात गेली. जिथून गरम हवा बाहेर पडते त्या पाइपाच्या तोंडावर बारीक जाळी बसवलेली होती, चारी कोपऱ्यांत व्यवस्थित. तिच्यामागे लव दाबून दाबून घोंगडी झाली होती.

"हे कोणाचं काम?" तिने विचारलं. शिडी धरून उभा असलेला मामा एकाएकी शिडीच्या पायाकडे बघायला लागला.

वरच्या खिडकीतून आजोबा म्हणाले, "त्याला बोलू नकोस. मी लावायला सांगितली. चिमण्या घरटं करत होत्या आत. पिल्लं भाजली असती."

मामीने जाळी उचकटली. ती घोंगडी तिने सोलून काढली, वर नेली आणि आजोबांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी ती दाबून पाहिली. "उशी झाली असती एक."

"झालीच होती. तुमच्या पलंगाखाली, पेटायच्या तयारीत."

आजोबांनी ती मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आणि चिमण्या?"

"त्यांचीही सोय करू, आप्पा. पण जाळी नको."

दुसऱ्या दिवशी तिथे झडप बसली. हवा आली की उघडते, मशीन थांबलं की मिटते, चिमणीला आत शिरायला जागा नाही. मामीने मशीन रिकामं चालवलं, बाहेर जाऊन झडपेपुढे हात धरला आणि जोराचा झोत लागला तेव्हाच चादरी आत टाकल्या.

पण लव झडपेच्या सांध्यातही बसू शकते. झडप अर्धीच उघडली तर पुन्हा तेच. ते बघायला मामी दर खेपेला बोळात जायची. आजोबांना ते दिसत होतं. "मी इथे बसून काय करतो? मला वरून सरळ दिसते," ते म्हणाले. तेव्हापासून मशीन सुरू झालं की खिडकीतून आवाज येतो, "उघडली गं, पूर्ण." मामी खालून "बरं" म्हणते आणि मगच घड्या घालायला बसते.

मला मामीचं कौतुक याचं वाटतं की एवढ्यावर तिचं समाधान नाही. परवा मी गेले तेव्हा तिने मला ड्रायरमागे बसवलं. "तू यंत्रांचं शिकतेस ना? आप्पांचा डोळा लागला की झडपेकडे बघणारं कोणी नाही. आत बसून कळलं पाहिजे."

मी म्हटलं, पाइपात हवेचा दाब मोजणारं छोटं उपकरण बसवता येईल. हवा कोंडली की दिवा लागेल.

तिला ते आवडलं. पाइपावर बोट ठेवून ते कुठे बसवायचं हेही तिने ठरवून टाकलं. मग बोट तिथेच ठेवून म्हणाली, "पण त्या उपकरणावरच लव बसली, तर ते खरं बोलतंय की नाही हे कसं कळायचं?"